निष्पत्ती : एक मांजर

घरात बालवाडीत जाणारं मूल असलं की कचऱ्याला भाव येतो. रविवारी संध्याकाळी, दुकानं मिटायच्या सुमारास, पालकांच्या ग्रुपवर ताईंचा निरोप उमटतो : उद्या येताना रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं, पिस्त्याची टरफलं आणि एक जुना मोजा पाठवावा. आता गॅस लायटरने पेटतो. काडेपेटी घरात एकच, देवापाशी, आणि तीही निम्मी भरलेली. मग आमचे चिरंजीव धावतपळत जाऊन काडेपेट्यांचा कोरा पुडा आणतात, सगळ्या काड्या एका डब्यात ओतल्या जातात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ या थोर तत्त्वासाठी नवीकोरी वस्तू रीतसर टाकाऊ केली जाते. मोज्याचं मात्र तसं नाही. जोडीदार हरवलेला एक करडा मोजा कपाटाच्या तळाशी कित्येक वर्षं विधुरासारखा पडून होता. त्याला टाकून द्यायचं धैर्य कुणाला झालं नव्हतं, का झालं नव्हतं हेही कुणाला माहीत नव्हतं. तो सोमवारी शाळेत गेला आणि दोन बटणांचे डोळे लावून, ससा होऊन परत आला. आता त्याचा जोडीदार सापडला तरी त्याला पायात घालायची घरात कुणाची छाती नाही.

या साऱ्याला हल्ली ‘कृतियुक्त शिक्षण’ म्हणतात. आमच्या लहानपणी त्याला ‘मध्ये मध्ये करू नकोस, ये, बस इथे’ म्हणत. आजी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून बसायची आणि मला शेजारी बसवायची. वालाचं साल चिमटीत दाबलं की आतला गुळगुळीत दाणा सुटकन निसटायचा आणि कधी कधी थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. बोटांना येणारा तो हिरवट, किंचित उग्र वास मला अजून आठवतो. माझ्या बोटांच्या सूक्ष्म स्नायूंचा विकास व्हावा असा आजीचा काही हेतू नव्हता. तिला अकराच्या आत बिरडं चुलीवर चढवायचं होतं. पण दुपारी पानात आलेल्या बिरड्यातले काही दाणे आपण सोललेले आहेत, हे मला नक्की ठाऊक असायचं. कुठले, तेही मी दाखवून द्यायचो.

नातीच्या वर्गात राजमा आणि चवळी एका ताटात मिसळलेली असते. मुलांनी ती दोन वाट्यांत वेगवेगळी करायची. नात हे काम जीभ बाहेर काढून, अत्यंत निष्ठेने करते. एकदा घरी आली ती फुरंगटूनच. शाळा सुटताना तिने पाहिलं होतं की मावशींनी दोन्ही वाट्या पुन्हा त्याच ताटात उपड्या केल्या. ‘आजोबा, मी रोज वेगळं करते आणि मावशी रोज मिसळून टाकतात!’ माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत, फायलींच्या संगतीत गेली. तिला सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, पण चौथ्या वर्षी इतकं सगळं सांगू नये.

मोठी माणसं ताटात एक गोष्ट ठेवतात आणि मूल भलतीच उचलतं, हे फार जुनं आहे. फ्रीडरिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याने मुलांसाठी जी खेळणी योजली, त्यांतली पहिली होती दोऱ्याला बांधलेले लोकरीचे सहा रंगीत चेंडू. चेंडू हातात घेऊन मुलाला विश्वाच्या एकत्वाची चाहूल लागावी, असा त्याचा विचार होता. मुलांनी तो चेंडू आधी तोंडात घालून पाहिला असणार, याबद्दल मला शंका नाही. आणि तरी १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालवाड्यांवर बंदी घातली! लोकरीच्या चेंडूंना घाबरलेलं सरकार डोळ्यांपुढे आणलं की मला त्या सरकारबद्दल मायाच वाटू लागते. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला. बंदी उठलेली पाहणं काही त्याच्या नशिबी नव्हतं.

माँटेसरीबाईंची एक हकिकत मला त्यांच्या सगळ्या साधनांहून प्रिय आहे. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी १९०७ मध्ये बालगृह सुरू केलं. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरावं याचा धडा दिला. रुमाल कसा काढायचा, कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं साफ करायचं, सगळं सावकाश करून दाखवलं. गंमत म्हणून मुलं हसतील असं त्यांना वाटलं होतं. मुलं एकाग्र होऊन पाहत राहिली आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेंबड्या नाकावरून उठता बसता बोलणी खाल्लेल्या त्या मुलांना ते कसं करायचं हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं शाळेत येईनात. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि तिची अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडला, गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही गेली. साधनं तिथलीच : शंख, शिंपले, बिया, खडे. काडेपेट्यांचा कोरा पुडा कुणी आणल्याची नोंद नाही. आता आपण संमतीपत्रावर सह्या करून, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी आणि पिशवीत कपड्यांचा जास्तीचा जोड देऊन मुलांना बसने कृषी पर्यटन केंद्रावर नेतो आणि तिकीट काढून गाय दाखवतो. गाय आपली रवंथ करत असते. तिने हे दोन्ही काळ पाहिले असते तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे.

मध्यंतरी वर्ग पुण्याच्या महात्मा फुले मंडईत निघाला. सोबतीला रिकामटेकडे आजोबा हवे होते, म्हणून मी गेलो. लांब दोरीला गाठी मारलेल्या, प्रत्येक गाठीला एक मूल, पुढे ताई, मागे मावशी. १८८६ मध्ये उघडलेल्या त्या अष्टकोनी दगडी इमारतीने बरंच काही पाहिलं असेल, पण ही दिंडी आत शिरली तेव्हा हमालसुद्धा पाटी टेकवून थांबले. ताईंनी सगळी तयारी केली होती. मेथी, चुका, अंबाडी, माठ. प्रत्येकीचं पान हातात घ्यायचं, वास घ्यायचा, नाव सांगायचं. एका भाजीवाल्या आजींनी वरून वाकून विचारलं, ‘काय रे सोन्या, कुठली भाजी आवडते तुला?’ सोन्या म्हणाला, ‘पनीर.’ आजींनी त्याच्या हातात मटाराची शेंग ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आता मंडईतले ओटे उंच. टोमॅटोचे मनोरे, भेंडीच्या राशी, पितळी पारडी हे सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. अडीच-तीन फुटांवरून दिसतात ती गोणपाटं, पडलेल्या कोबीची पानं, माणसांचे पाय, आणि बटाट्याच्या रिकाम्या पोत्यात पाय ताणून झोपलेलं एक पिवळं मांजर. ताई अंबाडीच्या लालसर देठाबद्दल बोलत होत्या, तेव्हा दोरीला पहिला हिसका बसला. मग गाठीगाठीतून बातमी मागपर्यंत पोचली आणि सगळी दिंडी मूकपणे पोत्याकडे कलली. मांजराने एक डोळा उघडला, एवढ्या भक्तांना पाहून तो मिटला आणि कूस बदलली. मी आजवर मंडईत पिशव्या भरभरून भाज्या घेतल्या. तिथे कुणी झोपतही असेल हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ‘आम्ही पाहिलेली मंडई’ या विषयावर चित्रं निघाली. भिंतभर मांजरं. निळी, हिरवी, एक सहा पायांचं. सोन्याच्या चित्रात मात्र फक्त एक लांब रेघ होती, मधे मधे गाठी असलेली. ताईंच्या नोंदवहीत तीन रकाने असतात : उद्दिष्ट, कृती, अध्ययन निष्पत्ती. पहिल्या दोन रकान्यांत सुबक अक्षरात पालेभाज्या होत्या. तिसरा कोरा ठेवून ताई पेनाचं टोपण चावत बसल्या होत्या. मला पाहून त्या हसल्या आणि त्यांनी वही मिटली.

पुढच्या महिन्यात पोस्ट ऑफिस. ताई आधी जाऊन पाहून आल्या आहेत. साहेबांनी परवानगी दिली आहे. तिकिटं, शिक्का, लाल पेटीचं मागचं दार, सगळं दाखवणार म्हणाले.

‘आणि मांजर?’ मी विचारलं.

‘दोन आहेत,’ ताई म्हणाल्या.