गारगोटीकाका

पुणं जगात कशासाठी प्रसिद्ध आहे, हा प्रश्न गारगोटीकाकांसमोर काढू नये. शनिवारवाडा, बाकरवडी, विद्यापीठ, संगणक कंपन्या असली उत्तरं देणाऱ्याकडे ते कीव आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "वाघोली." समोरच्याला वाटतं, ह्यांना तिथला फ्लॅट खपवायचा आहे. नगर रस्त्यावरची वाघोली सामान्य पुणेकराला ठाऊक असते ती दोन गोष्टींसाठी: होर्डिंगवरचे फ्लॅट आणि त्या फ्लॅटपर्यंत पोचू न देणारी वाहतूक. काकांची वाघोली वेगळी आहे. ती दगडांच्या खाणींची. तिथल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज सापडतं. हे खनिज पहिल्यांदा सापडलं 1967 साली, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, एका धरणाजवळ. पण पुढे वाघोलीतून असा काही माल निघाला की जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत निळ्या रंगासमोर वाघोलीचंच नाव लागलं. "शोध त्यांचा, माल आपला!" असं काका म्हणतात, आणि तेही अशा थाटात, की त्यातलं व्हॅनेडियम जणू ह्यांनीच मापून घातलं होतं.

काकांचं खरं नाव सोसायटीत फार थोड्यांना माहीत आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं. म्हणजे विहिरी, कालवे आणि बोगदे. बाकीच्या अभियंत्यांना खोदकामात पाणी कधी लागतं याची काळजी, काकांना पोकळी कधी लागते याची. आपल्या दख्खनचा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थरांनी पसरलेला लाव्हा. लाव्हा थंड होताना आतल्या वायूंचे बुडबुडे तसेच अडकून राहिले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं, आणि सावकाश तिथे स्फटिक धरले. आपण ज्यांना सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो त्यांत स्टिल्बाइट, हॉयलंडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट अशी मंडळी असतात. काका त्यांतल्या एकेकाला ओळखतात. माणसांच्या बाबतीत मात्र तिसऱ्या मजल्यावरचे जोशी आणि पाचव्या मजल्यावरचे जोशी यांची त्यांच्याकडून अजून गल्लत होते.

त्यांच्या घरी गेल्यावर बसण्याआधी विचारावं लागतं. शोकेसमधल्या मुलाच्या वक्तृत्वाच्या ढाली कधीच माळ्यावर गेल्या. तिथे आता दिवे लावलेल्या काचेच्या फळ्या आहेत. दाखवण्याचाही एक क्रम आहे. आधी दिवा, मग सूचना ("श्वास जरा बाजूला सोडा"), मग दगड. ओकेनाइटचा पांढरा, केसाळ गोळा दिसला की पाहुण्याचा हात आपोआप पुढे जातो. तो कुरवाळला की संपलं. ते केस एकदा बसले की परत उभे राहत नाहीत. काकांनी म्हणून त्या गोळ्यासमोर पाटी लावली आहे: 'हा मऊ आहे. मान्य. हात लावू नये.' स्पेनमधल्या नवाहुन गावचा पायराइटचा घन दाखवला की हटकून प्रश्न येतो, "कुठल्या मशीनवर कापलाय हो?" काका डोळे मिटून घेतात. तो घन जमिनीतून तसाच, काटकोनात निघतो. पण हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं आहे की हल्ली ते म्हणतात, "भोसरीला."

हे सगळं वरवरचं. काकांचा खरा जीव दगडात नाहीच, तो दगडाखालच्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठीवर खनिजाचं नाव, खाण, गाव, तालुका, जिल्हा, कुणाकडून आला आणि केव्हा. चिठ्ठी नसलेला दगड कितीही देखणा असो, काका त्याला घरात घेत नाहीत. तो बाल्कनीत, कुंडीत. "पत्ता नाही म्हणजे कुळशील नाही," असं ते लग्न जमवणाऱ्या आत्याबाईंच्या आवाजात म्हणतात. हिरवा ॲपोफिलाइट नुसता 'महाराष्ट्र' लिहून आला तर ते नाक मुरडतात. तोच राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा निघाला तर लगेच बसायला पाट. जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा लोकांना आधार कार्डाची चिंता पडली. काका आठवडाभर चिठ्ठ्या लिहीत बसले होते. जुनी चिठ्ठी फाडायची नाही, नवी तिच्या पाठीमागे लावायची, हा या संग्राहकांच्या पंथाचा धर्म आहे. त्यामुळे काही दगडांपेक्षा त्यांच्या चिठ्ठ्यांची चवड जाड झाली आहे.

त्यांच्या मते ब्रिटिशांचं या देशावरचं सगळ्यात मोठं पातक कोहिनूर नेणं हे नाही. कोहिनूर कुठे आहे ते निदान माहीत आहे. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्याआधी काही वर्षं घाट फोडण्याचं काम चाललं होतं, आणि त्यात अप्रतिम स्फटिक निघाले. ते बोटीत बसून विलायतेला गेले आणि तिथल्या संग्रहालयांत पोचले. पण त्या काळच्या साहेबानं चिठ्ठीवर लिहिलं काय? 'पूना.' घाटातला असो, विहिरीतला असो, पलीकडच्या जिल्ह्यातला असो, सरसकट 'पूना.' "एवढे बोगदे मोजले, मैल मोजले, आणि दगडाला धड पत्ता देता आला नाही!" असं बोलताना काकांचा आवाज खरोखर चढतो.

या पंथात काही गावं क्षेत्राची मानली जातात. नॉर्वेतलं कॉंग्सबर्ग, जिथे 1623 पासून चांदी निघाली, तीही तारांच्या वेटोळ्यांसारखी. नामिबियातलं त्सुमेब, जिथे एकाच खाणीत शेकड्यांनी निरनिराळी खनिजं सापडली. इंग्लंडमधलं कॉर्नवॉल. या सगळ्यांत एक साम्य आहे: तिथल्या जुन्या खाणी आता बंद आहेत. खाण बंद पडली की माल संपतो, माल संपला की चिठ्ठीचं वजन वाढतं. त्सुमेबची खाण 1996 साली बंद झाली. काकांकडे तिथला अंगठ्याच्या पेराएवढा एक अझुराइट आहे आणि त्याचा उल्लेख ते 'आमचे त्सुमेबवाले' असा अनेकवचनी करतात.

इथेच त्यांची पंचाईत होते. जगातली खाण बंद पडली की त्यांना मनातून बरं वाटतं, पण वाघोलीची चालू राहावी असंही वाटतं. खाण काही संग्राहकांसाठी चालत नाही. ती चालते खडीसाठी. पुण्याला घरं हवीत म्हणून कातळ फुटतो, कातळ फुटतो म्हणून पोकळी उघडी पडते, आणि पोकळीतलं कुणी वेळेवर उचललं नाही तर निळा स्फटिक सरळ क्रशरमध्ये जाऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये बसतो. बांधकाम थांबलं तर दगड निघायचा नाही, आणि फार वाढलं तर खाणीच्या उरावरच सोसायटी उभी राहणार. काका म्हणूनच बिल्डरला शिव्या देताना वाक्य अर्धवट सोडतात.

खाणीवर ते स्कूटरने जातात. तिथे कॅव्हनसाइट हा शब्द चालत नाही. "काका, निळा हाय का बघा," म्हणून एखादी बाई डब्याच्या फडक्यातून पुडी काढते, आणि काका चेहरा पडल्यासारखा करतात. हा अभिनय खाणीवरच्या प्रत्येकाला पाठ आहे. काकांचा चेहरा जितका पडेल तितका दगड चांगला, हे सूत्र तिथल्या शाळकरी पोरांनाही कळतं, आणि भाव त्या हिशेबाने वर जातो. मग घासाघीस होते, आणि शेवटी काका मागितले तेवढेच पैसे देऊन, वर खाणीचं नेमकं ठिकाण विचारून घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी पोटाशी धरून निघतात. घरी आल्यावर घरातले सगळे दिवे बंद. अतिनील दिव्याखाली काही डिंक चमकतात, म्हणून स्फटिक जागचा आहे की कुणी चिकटवलाय, ते अंधारात बघायचं असतं. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराकडचा पॉवेलाइट मात्र या दिव्याखाली स्वतःच पिवळट उजळतो, आणि तो उजळला की काकाही उजळतात. त्या वेळी काकू स्वयंपाकघरात चाचपडत फोडणी देत असतात.

काकूंविषयी लिहिलं नाही तर हे चित्र खोटं ठरेल. "लग्नात पाच तोळे घातले, आणि नंतर पाच क्विंटल," एवढ्यात त्या आपला संसार सांगतात. काका मोठी नावं पुढे करतात. गटे एवढा मोठा कवी, पण त्याच्याकडे जवळपास 18 हजार दगड होते, गोएथाइट हे खनिज त्याच्याच नावाचं! काकूंचा प्रश्न एकच: "त्याच्याकडे धूळ कोण पुसायचं?" मग काका स्मिथसनकडे वळतात, ज्याच्या पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली, तोही खनिजं जमवायचा. 1865 साली त्या संस्थेला आग लागून त्याचा तो संग्रह नष्ट झाला, ही माहिती काकूंनी स्वतः शोधून काढली आहे. त्या ती अधूनमधून, गॅसकडे बघत सांगतात.

तसा काकूंच्या बाजूनेही काळ आला आहे. या छंदात माणूस जसा मुरतो तसा त्याचा दगड लहान होत जातो. आधी कलिंगडाएवढे, मग मुठीत मावणारे, मग इंचभराच्या डबीतले, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. काका आता या शेवटच्या टप्प्याच्या उंबरठ्यावर आहेत. काकूंनी देवाला काहीतरी बोलून ठेवलं आहे.

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला. काका पहिल्यांदा गेले तेव्हा बॅगेत भाजणी, चिवडा आणि बनियनमध्ये गुंडाळलेले चार स्टिल्बाइट. मुलाने नायगाराची सहल ठरवली होती. काकांनी नकाशा उघडून न्यू जर्सीतल्याच फ्रँकलिनवर बोट ठेवलं. फ्रँकलिन आणि शेजारचं स्टर्लिंग हिल म्हणजे जस्ताच्या जुन्या खाणी. तिथला दगड अतिनील प्रकाशात लाल आणि हिरवा पेटतो. मुलगा तिथून गाडीने दीडेक तासावर इतकी वर्षं राहत होता आणि त्याला हे नाव फक्त पाटीवर वाचून माहीत होतं. काकांनी कपाळाला हात लावला. तिथल्या म्हाताऱ्या संग्राहकांनी कुठून आलात विचारलं, काका म्हणाले पुणे, आणि पंढरपूरहून आलेल्या माणसाला नमस्कार करावा तसे ते लोक एकेक करून हात मिळवायला पुढे आले. "वाघोली?" एकानं विचारलं, उच्चार पार मोडून. सून सांगते, बाबांचे डोळे भरलेले तिनं तेव्हाच पाहिले. नातू झाला तेव्हासुद्धा नाही. परतताना विमानतळावर बॅग उघडायला लावली. "ह्यात काय आहे?" "दगड." "भारतात दगड नाहीत?" या प्रश्नाला काकांनी दिलेलं उत्तर लांबलं, आणि विमान सुटता सुटता राहिलं.

सोसायटीतल्या ज्या वहिनी 'हा कुठल्या राशीला चालतो' असं विचारायला येतात, त्यांच्याशी मात्र काका तुसड्यासारखे वागतात, आणि माझ्या मते बरोबर वागतात. दगड पाण्यात ठेवून ते पाणी प्यावं का, असं एकीनं विचारलं तेव्हा त्यांनी तिला आधी नळाचं पाणी उकळून प्यायला सांगितलं.

आता प्रश्न पुढचा. मुलाला हे सगळं नको आहे. नातवाला पायराइटचा घन हवा आहे, पण लुडो खेळायला. संग्रहालयाला द्यावं असं काका म्हणतात. सिन्नरला 'गारगोटी' आहे, इतरही आहेत. कुठल्याही गंभीर संग्रहालयात पहिला प्रश्न विचारतात तो काकांचाच: कुठला? म्हणून त्यांच्या वतीनं, त्यांना न विचारता, एक विनंती. तुमच्या घरीही शोकेसमध्ये किंवा माशांच्या टाकीत एखादा चमकणारा दगड असेल, आजोबांनी विहीर खणताना आणलेला. तो टाकीतून बाहेर काढा. कुठल्या गावच्या, कुणाच्या विहिरीतला, साधारण कुठल्या साली, हे घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आहे तोवर विचारून घ्या आणि एका कागदावर लिहून दगडाखाली ठेवा. पेन्सिलीनं लिहा, शाई उडते. आणि कृपा करून नुसतं 'पुणे' लिहू नका.