बघण्यासारखं काही नाही

प्रागच्या चार्ल्स पुलावर दिवसभर माणसांची रीघ असते, पण पलीकडच्या काठावर काही काम असलेला माणूस त्यांत शोधूनही सापडत नाही. लोक पुलाच्या मध्यापर्यंत येतात, व्ल्तावा नदीकडे पाठ करतात, नदीसकट स्वतःचा फोटो काढतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. लेक तिकडे नोकरीला असल्यामुळे आम्हालाही हे पुण्य घडलं. आमच्या पुढे एक मराठी कुटुंब होतं. त्यातल्या आजींनी कठड्याला टेकून बाकरवडीचा पुडा फोडला, दोन पावलं आपटून पाहिली आणि "भक्कम आहे हो पूल" असा निर्वाळा दिला. सहाशे वर्षं उभ्या असलेल्या पुलाच्या कागदपत्रांत एवढी एकच सही कमी होती.

भक्कम असणारच. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये त्याचं काम सुरू केलं. चुन्यात कालवायला गावोगावहून अंडी मागवली, आणि वेल्वारी नावाच्या गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली, अशी दंतकथा तिथे सांगतात. ती ऐकल्यावर चेक माणसांबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली. वरून आलेला हुकूम शब्दशः पाळायचा आणि त्याचा हेतू मात्र साफ बुडवायचा, ही विद्या फक्त आपल्याच तालुका कचेऱ्यांत शिकवतात असा माझा समज होता.

१८४१ पर्यंत प्रागमध्ये त्या नदीवर हा एकच पूल होता. गाड्या, घोडे, कसाई, पाद्री, वऱ्हाडी सगळे त्यावरूनच जायचे. त्या काळी कोणी मधोमध थांबून नदी न्याहाळू लागला असता, तर मागच्या गाडीवानाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पुढे दुसरे पूल झाले. याच्यावरून काही वर्षं ट्रामही धावली, मग वाहनं बंद झाली. पुलाला काम उरलं नाही आणि तो प्रेक्षणीय झाला. कठड्यावरचे बहुतेक संतसुद्धा आता नकला आहेत. अस्सल संत संग्रहालयात सावलीला बसले आहेत.

तेव्हापासून माझा एक सिद्धांत आहे. जागेचं काम संपलं की ती प्रेक्षणीय होते. राजा राहत असेल तर किल्ल्याबाहेर पहारा असतो, राजा गेला की तिकीटखिडकी येते. आणि हा सिद्धांत मी तपासला तो माझ्या आजोळी, मुरबाड तालुक्यातल्या धसईला.

गोरखगडाला जाणारे लोक मुरबाडहून म्हसामार्गे धसईला येतात आणि तिथून देहरी गाठतात. पाठपिशव्या लावलेली अशी मुलं-मुली रविवारी सकाळी मामांना गाठून विचारतात, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" मामा प्रामाणिकपणे विचार करतात आणि सांगतात, "काय नाय हो. भात हाय, डोंगर हाय. तुम्ही चा घेतला का?" हे बोलताना त्यांच्या पाठीमागे गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके आभाळात घुसलेले असतात. विनय म्हणावा तर तसं नाही. मामांना त्यात बघण्यासारखं खरोखरच काही दिसत नाही, कारण गडाशी त्यांचं बघण्याचं नातंच नाही. तरुणपणी ते वर गेले ते चुकलेली शेळी शोधायला, आणि नंतर एकदा नवस फेडायला. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या बघून पाहुण्यांची छाती दडपते; मामांना एवढंच आठवतं, की उतरताना शेळी पुढे होती. गडाच्या नावावर गाजलेली लढाई नाही. त्याचं काम टेहळणीचं. ते संपून पिढ्या लोटल्या, पण वरच्या टाक्यातलं पाणी लोक अजून पितात आणि माथ्यावरच्या महादेवाला बेल अजून चढतो. गड पुरता निवृत्त झालेला नाही.

अंबरनाथचं तेच. वालधुनीच्या काठचं तिथलं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे चार्ल्स पुलापेक्षा जवळजवळ तीनशे वर्षांनी वडील. बाहेरच्या भिंतींवर बोटभर जागा शिल्पाविना सुटलेली नाही. पण महाशिवरात्रीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला शिल्पांबद्दल विचारून पाहा. तो म्हणेल, "पुढे सरका." त्याला महादेवाला भेटायचं असतं. शिल्पं बघायला वेगळ्या दिवशी वेगळी माणसं येतात.

मुरबाड तालुक्यातल्याच सिद्धगडाच्या पायथ्याशीही दर वर्षी २ जानेवारीला लोक जमतात. १९४३ मध्ये याच तारखेला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्या दिवशी तिथून परतलेल्याला "काय काय बघितलंस?" असं कोणी विचारत नाही.

कामातून पूर्ण मोकळा झाला तो नाणेघाट. कल्याणच्या बंदरातला माल याच तालुक्यातून बैलांच्या पाठीवरून घाट चढून जुन्नरला जायचा. वरच्या दगडी रांजणात जकात जमा होई असं सांगतात. घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: कोणते यज्ञ केले, दक्षिणेत गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, सगळं आकड्यांत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब अजून भिंतीवर आहे. समोर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. लग्नाच्या जुन्या ग्रुप फोटोला वाळवी लागावी आणि मागच्या पुठ्ठ्यावरची नावं शाबूत राहावीत, तसं. पावसाळ्यात इथे तोबा गर्दी उसळते, पण ती नागनिकेसाठी नव्हे. वाऱ्याच्या जोराने वर उडणारा उलटा धबधबा बघायला लोक येतात आणि सातवाहनांकडे पाठ करून उभे राहतात. फोटोत मागे काय यावं याचे नियम प्रागपासून मुरबाडपर्यंत सारखेच आहेत.

माझ्या सिद्धांताला धक्का दिला तो धसईच्याच बाजारपेठेने. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि डिसेंबरात धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. ज्या घाटात सातवाहनांनी कार्षापण मोजले, त्याच्या पायथ्याच्या तालुक्यातल्या गावाने नाणी मोजणंच सोडायचं ठरवलं. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली आणि ती बघायला कॅमेरे आले. गोरखगडाकडे ढुंकूनही न बघता माणसं वडापावच्या गाडीवरचं यंत्र बघू लागली. किराणा दुकानदार एका हाताने साखर तोलायचा आणि दुसऱ्या हाताने मुलाखत द्यायचा. आत्ता कुठे कामाला लागलेली वस्तू प्रेक्षणीय झाली होती. तेवढ्यात क्यूआरचा चौकोन देशभर पानटपरीवरसुद्धा आला, कॅमेरे निघून गेले आणि धसईचा बाजार पुन्हा नुसता बाजार झाला. दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. प्रेक्षणीय असण्यात गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष होतं.

म्हणून सिद्धांतात मी दुरुस्ती केली आहे. जागा प्रेक्षणीय होते ती बघणाऱ्याला तिथे काही काम नसल्यामुळे. तिच्या निवृत्तीची वाट बघायची गरज नाही. मामा प्रागला आले असते तर त्यांनी पुलाखालून वाहून जाणारं पाणी पाहून "यावर भाताची दोन पिकं निघतील" असं म्हटलं असतं आणि लगेच बांध कुठे घालायचा तेही सांगितलं असतं. ते पर्यटक व्हायला तयारच नाहीत.

अलीकडे कोणी म्हणतं, धसई परिसराचं एक छानसं माहितीपत्रक काढा. मजकूर माझ्याकडे तयार आहे. प्रवेश फी नाही. वेळेचं बंधन नाही. मार्गदर्शक मिळेल, पण तो गडापेक्षा शेळीबद्दल जास्त सांगेल. दिवाळीनंतर यावं, वाटा कोरड्या असतात. जुलैत आवणीच्या दिवसांत आलात तर आपल्या जबाबदारीवर या. बांधावर उभं राहून निसर्ग बघणाऱ्याच्या हातात इथे रोपांची मूठ देतात आणि चिखलात उतरवतात. संध्याकाळपर्यंत तुम्ही काय बघितलं ते सांगता येणार नाही, पण तुम्ही लावलेल्या ओळी वाकड्या आल्या हे गावात सगळ्यांना माहीत झालेलं असेल.