जाऊन आलेले नाना

परदेशी सहल ठरली की घरात एक माणूस निघतोच, जो तिथे आधी जाऊन आलेला असतो. बाकीचे गाव बघायला जातात; हा गाव जागेवर आहे ना, एवढंच बघायला जातो. आपण गेल्यापासून कुणीतरी ते नीट सांभाळायला हवं होतं, अशी त्याची साधी अपेक्षा असते. ती कधीच पुरी होत नाही.

आमच्याकडे हा मान नानांचा. नाना म्हणजे बायकोचे काका. 2019 साली ते व्हिएतनामला जाऊन आले. ‘करोनाच्या आधी’ हा काळ त्यांना फार सोयीचा पडतो, कारण त्या काळातल्या गोष्टींचा पुरावा कोणी मागत नाही. तेव्हा मुंबईहून हनोईला थेट विमान नव्हतं, याचा त्यांना अजून अभिमान आहे. “आम्ही बँकॉकमार्गे गेलो,” हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गलबतातून गेले असतील. यंदा नाना, त्यांच्या पत्नी माई, मेहुणी, साडू, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं असे सगळे थेट विमानाने उतरलो. नानांना ते जरा लागलंच. “प्रवास झाल्यासारखा वाटला नाही,” असं ते विमानतळावरच म्हणाले.

पण एक कबूल करायला हवं, पैशांचं गणित नानांनी उत्तम शिकवलं. एका रुपयाला साधारण 300 डोंग पडतात. त्यामुळे तिथे पोचताच तुमच्याआमच्यासारखा माणूसही लाखांत बोलू लागतो आणि सरबताची किंमत ऐकून दचकतो. नानांची युक्ती अशी: शेवटची तीन शून्यं झाकायची, उरेल त्याची तिप्पट करायची आणि वर थोडे घालायचे. लाखाचे झाले 300 आणि वरचे काही. माईंना हे पहिल्या झटक्यात जमलं. साडू मोबाइलवर हिशेब करत राहिले आणि दर वेळी नानांपेक्षा मागे पडले.

घोळ झाला तो नोटांच्या रंगात. 20 हजारांची नोट निळी, 5 लाखांचीही निळसर, आणि दोन्हींवर हो ची मिन्ह सारखेच शांतपणे बघत असतात. जुन्या हनोईत खांद्यावर कावड घेऊन फळं विकणाऱ्या बाईकडून नानांनी अननसाच्या फोडी घेतल्या आणि मोठ्या रुबाबात 5 लाखांची नोट पुढे केली. बाईने नोटेकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, नोट परत दिली आणि त्यांच्या हातातल्या नोटांतून योग्य ती स्वतःच ओढून घेतली. “प्रामाणिक लोक,” नाना आम्हाला म्हणाले. “तेव्हाही अशीच परत दिली होती.”

पुढे त्यांनी रस्ता ओलांडण्यावर व्याख्यान दिलं. हनोईत दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही. थांबेल म्हणून उभं राहिलात तर मुक्कामाचे दिवस फुटपाथवर संपतील. तिथली रीत अशी की रस्त्यावर उतरायचं, एका चालीने हळू चालत राहायचं, पळायचं नाही, मध्येच थबकायचं तर मुळीच नाही. दुचाकीवाले तुमचा अंदाज घेऊन आजूबाजूने निघून जातात. नानांनी हे सगळं अगदी बरोबर सांगितलं, फक्त फार सविस्तर सांगितलं. ते ‘चालीत बदल का करू नये’ या मुद्द्यावर आले तेव्हा माई नातीचा हात धरून पलीकडे पोचल्या होत्या आणि एका दुकानात रेशमी स्कार्फचा भाव करत होत्या.

शुक्रवारी सकाळी नानांनी आम्हाला हो ची मिन्ह यांच्या समाधीवर नेलं. तिथे तोकडे कपडे चालत नाहीत, ही त्यांची माहिती पक्की होती. म्हणून साडूंना हॉटेलवर परत पाठवून फुलपँट घालून यायला लावलं. त्या उकाड्यात आम्ही सगळे घोट्यापर्यंत झाकून बा दिन्ह चौकात जाऊन उभे राहिलो. 2 सप्टेंबर 1945 रोजी हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती याच चौकात. आपल्या देहाचं दहन करावं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते बाजूला राहिलं आणि 1975 मध्ये ही करड्या दगडांची वास्तू लोकांसाठी खुली झाली. आत काचेच्या पेटीत देह आहे. दर्शन फक्त सकाळी. आणि सोमवारी नि शुक्रवारी अजिबात नाही.

पांढऱ्या गणवेशातल्या पहारेकऱ्याने हातानेच ‘बंद’ अशी खूण केली.

“तेव्हा शुक्रवारी उघडं असायचं,” नाना म्हणाले.

जाऊन आलेल्या माणसाची खरी ताकद या ‘तेव्हा’त असते. तो चुकत नाही, गाव बदलतं. भावांचंही तसंच. अमुक पदार्थ तेव्हा 30 हजारांना मिळायचा, हे सकाळी सांगितलं तर दुपारी तोच 25 हजारांवर येतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत 20 हजारांवर. आणखी दोन दिवस राहिलो असतो तर 2019 मध्ये हनोईत नानांना फुकट जेवू घालत होते, असं निघालं असतं. रुळांना चिकटून कॉफीची दुकानं असलेल्या त्या प्रसिद्ध गल्लीत तर त्यांनी आम्हाला पुढे जाऊच दिलं नाही. गाडी अंगावरून गेल्यासारखी जवळून जाते, म्हणून लोक जमतात आणि मधूनमधून सरकार दुकानं बंद करतं. “आम्ही आलो तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं,” नाना म्हणाले. त्याच वर्षी गर्दीला कंटाळून सरकारने ती दुकानं बंद करायला लावली होती, हे मी वाचलेलं होतं. बोललो नाही. बायकोचे काका आहेत.

होआन किएम तळ्यावर मात्र राहवलं नाही. पंधराव्या शतकात ले लोई राजाने शत्रूला हाकलल्यावर आपली दैवी तलवार याच तळ्यातल्या कासवाला परत दिली, अशी आख्यायिका आहे. तांबडा लाकडी पूल ओलांडून न्गोक सोन मंदिरात गेलं की काचेत ठेवलेलं एक अवाढव्य कासव दिसतं. “हेच,” नाना म्हणाले. “पाण्यातून मान वर काढून आमच्याकडे बघत होतं.” तळ्यातलं हे नावाजलेलं कासव जानेवारी 2016 मध्येच मेलं, असं मी हळूच सांगितलं. नानांनी काचेभोवती एक फेरी मारली. “मग ते दुसरं असेल.”

माईंनी त्याही वेळी तोंड उघडलं नाही. ते उघडलं दुसऱ्या दिवशी, साहित्य मंदिरात. 1070 साली कन्फ्यूशियसच्या नावाने बांधलेलं हे आवार, पुढे व्हिएतनामचं पहिलं विद्यापीठ. दगडी कासवांच्या पाठींवर 82 शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर 1442 ते 1779 या काळात सर्वोच्च राजपरीक्षा उतरलेल्यांची नावं कोरली आहेत. मुलं परीक्षेला जाताना शुभ म्हणून कासवांची डोकी कुरवाळत, दगड झिजायला लागला, म्हणून आता कठडा घातला आहे. नाना हळहळले. “तेव्हा कठडा नव्हता. आम्ही या कासवांच्या डोक्यावरून हात फिरवला होता.”

“खिडकीतून?” माईंनी विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. 2019 च्या सहलीत त्यांची बस हनोईत रात्री पोचली, आणि सकाळी सात वाजता हालाँगच्या उपसागराकडे निघाली. निघताना ड्रायव्हरने तळ्याला एक फेरी मारली आणि साहित्य मंदिराच्या दारासमोर सिग्नल लागला. तो बराच वेळ होता, एवढं माईंनी नानांच्या बाजूने सांगितलं.

दुसरा कोणी असता तर निदान दुपारपर्यंत गप्प राहिला असता. नाना पुढच्या चौकात “तेव्हा इथे वडाचं झाड होतं,” असं म्हणाले.

बुन चा खायला गेलो ते दुकान साधंच होतं. ओबामा 2016 मध्ये शेफ अँथनी बोर्डेन यांच्याबरोबर जेवले, ते नव्हे; तिथलं टेबल आता काचेत ठेवलंय आणि तिथे खाण्यापेक्षा फोटो जास्त काढतात. इथे दारातच निखाऱ्यांवर डुकराच्या मांसाचे चपटे गोळे भाजत होते आणि बाई पंख्याने धूर रस्त्यावर ढकलत होती. जाहिरातीचा खर्च शून्य. समोर आलं ते असं: वाडग्यात माशाच्या रसाचं आंबटगोड कोमट पाणी, त्यात भाजलेलं मांस आणि कच्च्या पपईच्या चकत्या, एका ताटलीत तांदळाच्या पांढऱ्या शेवया, आणि टोपलीभर पाला. “असं खायचं,” म्हणत नानांनी वाडगा शेवयांवर उपडा केला आणि वरणभातासारखं कालवायला घेतलं. दुकानवाली पंखा टाकून आली. तिने नानांच्या हातातून ताटली काढून घेतली, नवी आणली, चॉपस्टिकने चिमूटभर शेवया उचलून वाडग्यात बुडवल्या, वर दोन पानं ठेवली, आणि नानांनी घास घेईपर्यंत तिथेच उभी राहिली. नानांनी घास घेतला. चांगला लागला असावा, कारण ‘तेव्हा’ची आठवण निघाली नाही.

माईंची संकष्टी होती, म्हणून त्यांच्यासाठी शाकाहारी खाणावळ शोधली. बौद्ध लोक प्रतिपदेला नि पौर्णिमेला मांसाहार टाळतात, त्यामुळे अशा जागा हनोईत सापडतात. माईंनी लसणावर परतलेली हिरवी भाजी मागवली, एक देठ उचलून उजेडात धरला, आतून पोकळ आहे ना ते पाहिलं. “अगं, ही आपली नाळीची भाजी!” संकष्टीला लसूण चालतो का, हा प्रश्न साडूंनी विचारला. माईंनी तो ऐकला नाही.

अंड्याच्या कॉफीसाठी दोन दिवस लागोपाठ गेलो. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जियांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं दुकान एका बोळातून आत शिरल्यावर सापडतं. ठेंगणी स्टुलं, आणि कप गार होऊ नये म्हणून गरम पाण्याच्या वाटीत बसवलेला. अंड्याचा वास येतो म्हणणाऱ्यांनी ती गार करून प्यायलेली असते. नाना चमच्याने वरचा फेस खात “तेव्हा” म्हणणार, एवढ्यात त्यांची नात कोकोचा कप खाली ठेवून चारी बाजूंना बघत म्हणाली,

“काल इथे एवढी गर्दी नव्हती. आणि फेस पण जास्त द्यायचे.”

नानांनी मान डोलावली आणि तिला आपल्या शेजारच्या स्टुलावर बोलावून घेतलं.

“झाली सोय,” माई म्हणाल्या. “पुढच्या पन्नास वर्षांची.”