गृहदुर्गंधाची तहकीकात : गृहस्थांसाठी नियमावली

घरात अकस्मात दुर्गंध सुटला असता सुज्ञ गृहस्थाने प्रथम काय करावे, याविषयी नवीन जालन्यात मतभेद नाही : खिडकी उघडावी आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारावा. कुंडलिका नदीने जालना शहराचे जुने व नवीन असे दोन भाग करून या कामी मोठीच सोय करून ठेवली आहे. वारा नदीकडून असेल तर वास पात्रातला, नसेल तर शेजाऱ्याच्या चेंबरचा, आणि वाराच पडलेला असेल तर सरकारचा. केवळ नावावरून घाणेवाडीवर मात्र संशय घेऊ नये. निजामी अमदानीतला तो तलाव पंपावाचून, निव्वळ उताराच्या बळावर नवीन जालन्याला पाणी पाजीत आला आहे, आणि त्याला नाव दिले आहे ते साक्षात संत गाडगेबाबांचे.

फिर्यादींचा हा पहिला बहर ओसरल्यावर मोरीची जाळी उचलावी. खाली वाडग्यासारखा नहाणी ट्रॅप दिसेल. त्यात निदान दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर, पाणी सदैव उभे असले पाहिजे. हे पाणी म्हणजे देवडीवरचा पहारेकरी : सांडपाण्याला तो खाली सोडतो, पण खालच्या वायूला वर येऊ देत नाही. शौचकूपाच्या नळीत पाणी उभे राहील असे वाकण देण्याची युक्ती 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट करून घेतली. वेळेचा हिशेब ठेवणाऱ्यास वासाचाही बंदोबस्त सुचावा, ही गोष्ट चिंतनीय आहे. परंतु जिथे नळाची पाळी कित्येक दिवसांनी येते, आणि वैशाखात पाहुण्यांच्या न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतणे ही उधळपट्टी ठरते, तिथे हा पहारेकरी उभ्या उभ्या वाळून जातो. उपाय एकच : तांब्याभर पाणी ओतावे, महिनाभर गावी जायचे असल्यास त्यावर दोन चमचे गोडेतेल सोडावे, म्हणजे तेलाच्या तवंगाखाली पाणी लवकर उडत नाही. तेलासाठी स्वयंपाकघराची मंजुरी आगाऊ घ्यावी.

एवढ्यानेही वास न हटल्यास पहाटे मोरीपाशी बसून कान द्यावा. माडीवर कोणी फ्लश ओढताच तुमची मोरी एखाद्या जहागीरदाराच्या हुक्क्यासारखी गुडगुडू लागली, तर गुन्हा पाण्याचा नसून हवेचा आहे, असे रुजू करावे. पाइपातून धो धो उतरणारे पाणी आपल्यामागे हवा ओढून नेते. ही तूट भरून काढण्यासाठीच गच्चीपर्यंत व्हेंट पाइप नेलेला असतो. त्याचे तोंड बंद असेल, तर ओढ जवळच्या ट्रॅपावर पडते, त्यातले पाणी खेचले जाते, आणि पाण्याच्या जागी येतो तो वास. म्हणून गुडगुड असेल तर गच्ची गाठावी, नसेल तर तांब्या, हे सूत्र ध्यानात असावे.

गच्चीवर जे दिसेल त्याने खचून जाऊ नये. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपातून डास बाहेर पडू नयेत म्हणून त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, असे आरोग्य खाते सांगत असते. 'जाळी' या शब्दाचा अर्थ मात्र प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे लावते : कोणी जुने धोतर, कोणी बारदान, कोणी थेट प्लास्टिकची पिशवी. अशाने डास अडतो हे खरे. पण हवाही अडते. पाइपाची उंचीही मोजावी. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल, तर तो छपराच्या 2 मीटर वर गेला पाहिजे. ज्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर संपते, त्या पाइपाला वायुवीजन न म्हणता वैर म्हणावे.

इथे एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नये. टाकीचे झाकण उघडून आत वाकू नये, काडी ओढून पाहू नये, आणि कोणाही माणसाला आत उतरवू नये. संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असता सडक्या अंड्यासारखा वास देतो, वाढला की नाकच बधिर करतो, आणि 'वास गेला बुवा' असे म्हणणारा मनुष्य तिथेच कोसळतो. मिथेनला तर ठिणगीच पुरते. उपसा करायचा तो यंत्राच्या गाडीनेच करावा.

प्रस्तुत लेखकाने ही सर्व कलमे गेल्या उन्हाळ्यात, तीन आठवडे शेजाऱ्यांशी अबोला धरून आणि त्यांच्याविरुद्ध दोन पानी अर्ज गुदरून, क्रमाने पार पाडली. पाइपाच्या तोंडाला सुतळीने आवळलेली पिशवी निघाली. ती आमच्याच घरच्या लग्नबस्त्याच्या दुकानाची होती, आणि गाठ माझ्या हातची. पिशवी सोडून मोरीत तांब्याभर पाणी ओतले आणि दुपारपर्यंत वास गेला. अर्ज मागे घेण्याचा अर्ज अद्याप लिहावयाचा आहे.