ढोल जागेवर, चोरी मोबाइलात

सांगू नये, पण सांगितल्यावाचून घास उतरायचा नाही. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळापासून असगोलीपर्यंत कुठल्याही ओटीवर नजर टाका, एक तरी पोरगा भिंतीला टेकून बसलेला दिसेल. कानात बोळे, मान डुलतेय, अंगठे काचेवर तुरुतुरु पळतायत. आईला वाटतं गेम खेळतोय. बापाला वाटतं कुणा पोरीशी बोलतोय, नि तो गुपचूप चौकशीला लागतो. खरं कळलं तर दोघंही मटकन खाली बसतील. मुलगा गाणं तयार करतोय! अख्खं. ढोलकी, बासरी, व्हायोलिनं, मागे दणदणीत कोरस. आणि शिंच्याला यातलं एक वाद्य वाजवता येत असेल तर शपथ.

यावर ज्येष्ठांनी हळहळायचं असतं, ते हळहळतायतच. जाखडीच्या बारीला उभं राहण्याआधी बुवांच्या मागे किती वर्षं झील धरावी लागायची, हे ऐकवून झालं. पण हेच ज्येष्ठ ऑक्टोपॅड आला तेव्हाही असेच हळहळले होते, आणि मग वर्गणीतून तोच घेतला गेला. ज्या पेटीशिवाय आज भजनाला तोंड फुटत नाही, त्या पेटीवर १९४० साली आकाशवाणीनं बंदी घातली होती, ती १९७१ साली उठली. तेव्हा पावित्र्याचं राहू द्या. खमंग गोष्ट निराळीच आहे. ही पोरं गाण्यावरून भांडतच नाहीत. कुणाचं ॲप भारी, यावरून भांडतात!

आणि भांडतात कशी, तर थेट जाखडीतल्या शक्ती-तुऱ्यासारखी. परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगलेल्या बाऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. शक्तीवाला पार्वती थोर म्हणणार, तुरेवाला शंकर थोर म्हणणार, गाण्यातून सवाल टाकायचा, समोरच्याची बोबडी वळली की मंडपात हुर्यो. इथेही तेच. एका अंगाला ॲपलवाले, दुसऱ्या अंगाला अँड्रॉइडवाले, आणि मध्ये एकच चार्जर.

ॲपलवाल्यांत भरणा चाकरमान्यांच्या मुलांचा. मे महिन्यात नि गणपतीला गाडीतून उतरतात तीच आयपॅड छातीशी धरून. त्यांचा पहिला सवाल ठरलेला, "गॅरेजबँड आहे का तुमच्याकडे?" नाही, आणि असणारही नाही. ॲपलनं ते २०११ साली आयपॅडवर आणलं तेव्हा पाच डॉलर पडत, २०१७ पासून सगळ्यांना फुकट. एका गाण्यात ३२ ट्रॅक, गिटारी, पियानो, शिवाय सांगाल तसा ठेका धरणारा एक न दिसणारा ड्रमवाला. मात्र अँड्रॉइडच्या दारात हे ॲप पाऊल टाकत नाही. यावर गावच्या पोरांचा जवाबही तयार असतो, "फुकट काय? ज्या फोनवर ते चालतं त्याची किंमत सांग की चारचौघांत." हा जवाब मला पटतो. ॲप मोफत आहेच, फक्त त्याच्याखालचा फोन घ्यायला कुणाची तरी सुपारीची बाग बरी पिकावी लागते.

पण मग ॲपलवाले दुसरा सवाल टाकतात आणि तो मात्र झोंबतो. "टिचकी मार नि आवाज कधी येतो ते बघ." अँड्रॉइडची ही जुनी दुखरी नस. बोट काचेवर पडल्यापासून आवाज कानात येईपर्यंत जो वेळ जातो, तो आयफोन-आयपॅडवर पहिल्यापासून कमी. अँड्रॉइडची गंमत अशी की फोन दहा कंपन्यांचे, आतली यंत्रणा दहा तऱ्हांची, त्यामुळे कुठला कधी रेंगाळेल नेम नाही. गूगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीत यासाठी नवी सोय केली, आणि चांगल्या फोनवर फरक पडलाही. स्वस्तातल्या फोनवर मात्र अजून बोट पुढे, ढोल मागे.

याहून मोठा घोटाळा दोन्ही बाजूंनी मिळून दडवलाय. तो म्हणजे ते बिनवायरचे बोळे! ब्लूटूथवर आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला एवढंसं वाटतं. पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत जवळजवळ ७० मीटर. पालखीचा ढोल तिकडे देवळाच्या पायरीशी वाजतोय आणि नाचणारा ७० मीटरवर उभा राहून पाय टाकतोय, तर काय होईल? तेच होतं. पोरगं पाय चुकवतं आणि दोष ॲपला देतं. वायरचे हेडफोन लावा म्हणावं, तर पुष्कळ नव्या फोनांना भोकच नाही. फोनवाल्यांनी आधी भोक बुजवलं, मग बोळे विकले. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, माझ्या तोंडून नको.

गॅरेजबँडचीही अब्रू मी झाकून ठेवणार नाही. नव्या गाण्याला ते मुळात आठच बार देतं. ज्याला हे माहीत नाही तो गौळण गात सुटतो, नवव्या बाराला बघतो तर गाडी फिरून पहिल्यावर! सेटिंगात जाऊन लांबी वाढवावी लागते, हे सांगायला पुन्हा कुणी चाकरमानी लागतो. आणि ताल? चार-चार, तीन-चार, सहा-आठ. संपलं. आठ मात्रांचा केरवा बसला, सहाचा दादरा बसला, भजनी ठेकाही बसला. सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल दाराबाहेर उभे. चिनी पिपा आहे, एर्हू आहे, जपानी कोटो आणि तायको आहेत. शिमग्याच्या ढोलानं काय घोडं मारलं होतं?

हे ऐकून भजनी मंडळातल्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, "आम्हांला बाई हे काही नको, तानपुरा आणि तबला पुरे. काळी एकला लावला की झालं." त्यांच्या टॅबलेटात आयतबलाप्रो आहे, प्रसाद उपासनींचं. त्यात गाणं तयार होत नाही, रियाज होतो. रूपक, झपताल, पाहिजे तो ताल पाहिजे त्या लयीत धरून बसतं आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. या काकूंच्या घरी भांडण नाही, म्हणून सांगण्यासारखंही काही नाही. पुढे जाऊ.

आता एक आतली बातमी. दोन्ही तटांना खेळवणारं एक ॲप निघालंय. बँडलॅब, सिंगापूरचं. आयफोनवर चालतं, अँड्रॉइडवर चालतं, घरच्या संगणकावरही उघडतं, आणि फुकट. तुम्ही गाणं अर्धं करून ठेवायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या गावाहून त्यात आपला ट्रॅक घालायचा. म्हणजे बघा, दिवसा शक्ती-तुरा करणारी पोरं रात्री चोरून एकाच गाण्यात नांदतात! गुहागरातून कुणी गाण्याला तोंड फोडायचं, नालासोपाऱ्यातून कुणी त्याखाली ठेका भरायचा, आणि गणपतीत बसस्टँडवर भेटल्यावर एकमेकांना ओळख द्यायची नाही. मला विचाराल तर विभागलेल्या मंडळांसाठी, निम्मी माणसं गावात नि निम्मी मुंबईत असलेल्या आपल्यासारख्यांसाठी, याच्या तोडीचं दुसरं नाही. खोट एकच. बराचसा कारभार नेटवर. श्रावणात लाईट गेली, टॉवर निजला, की तुमचं गाणं ढगात आणि तुम्ही पागोळ्या मोजत ओटीवर.

याच बँडलॅबात आवाज सुरात ओढून आणायची कळ आहे. आता नाव घेणार नाही, पण आरतीत ज्यांच्या शेजारी उभं राहायला कुणी धजत नाही, त्या गृहस्थांचं ध्वनिमुद्रण परवा फिरत होतं आणि ते चक्क सुरात होते! गावात शांतता पसरली. ही करामत मुळात ऑटोट्यूनची, १९९७ सालची. ती काढली अँडी हिल्डेब्रँड नावाच्या माणसानं, आणि तो आधी काय करत होता? जमिनीत कंपनं सोडून, परत आलेल्या लहरी मोजून तेल कुठे दडलंय ते हुडकत होता. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. अंजनवेलच्या वीज प्रकल्पापायी गुहागरानं तेल-वायूच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, पण ही कुणी सांगितली नव्हती.

डीजेवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते दोन्ही तटांना नाक मुरडतात आणि एकच अक्षरजोडी जपतात, एफएल. बेल्जियममधल्या इमेज-लाइनचं हे प्रकरण १९९७ साली फ्रूटीलूप्स म्हणून सुरू झालं. संगणकावरचं एफएल म्हणजे त्यांचं घराणं, मोबाइलवरचं त्याचं धाकटं भावंड. एकदा पैसे भरले की कायमचं तुमचं, आणि नेट लागत नाही, म्हणून पावसाळ्यात कोकणाला सोयीचं. पण एकदा तरी पैसे भरायला हवेत ना? इथेच आवाज खाली येतो. "मॉड आहे माझ्याकडे, पाठवू?" देवाच्या मिरवणुकीचं गाणं, तेही चोरीच्या ॲपवर! शिवाय त्या फायलीबरोबर फोनात आणखी काय काय शिरतं ते ज्याचं त्याला, बँकेचा मेसेज आल्यावर, कळतं.

श्रीमंतांचं वेगळंच दुःख. ॲपलनं मे २०२३ मध्ये आयपॅडवर लॉजिक प्रो आणलं. स्टुडिओतली माणसं वापरतात ते, पण भाड्यानं. महिना भरा किंवा वर्ष भरा. मंडप भाड्यानं घेतात हे आपण पाहिलंय, जनरेटरही घेतात. हप्ता चुकला म्हणून गाणंच उघडेना, हा प्रकार नवा. वर्षाकाठी दोन गाणी करणाऱ्या मंडळानं यात पडू नये, एवढं मी उघड सांगते.

"पण मोबाइलवर खरं संगीत होतं का?" असं अजून कुणी विचारतं. अहो, स्टीव्ह लेसी नावाच्या पोरानं आयफोनवरच्या गॅरेजबँडात धरलेली एक चाल केंड्रिक लमारच्या २०१७ सालच्या अल्बममध्ये गेली, आणि त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं! रिहानाचं २००७ सालचं ते छत्रीचं गाणं जगभर गाजलं, त्याखालचा ठेका तर गॅरेजबँडात तयार पडलेला, कुणीही उचलावा असा. गुहागरच्या पावसात छत्रीचं कौतुक आम्हांला काय सांगता, पण छत्रीसुद्धा रेडीमेड निघावी ना! उलट आपले अजय-अतुल बघा. 'सैराट'साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत जाऊन वाद्यवृंद बसवला. आता त्यातल्याच 'झिंगाट'ची नक्कल सुरूच्या बनात बसून बारा हजारांच्या फोनवर होते.

आणि इथेच तो भानगडींचा राजा येतो. कोआला. नाव गरीब, काम डांबरट. हे छोटं ॲप, थोड्या पैशांत मिळतं, आयफोन नि अँड्रॉइड दोन्हींवर. त्यात तयार वाद्यं भरून द्यायची भानगड नाही. फोनच्या माइकपुढे जे वाजेल ते टिपायचं, काचेवरच्या चौकोनात ठेवायचं, बोट मारलं की वाजतं. असे ६४ आवाज राहतात. झालं! पोरांना रान मोकळं मिळालं. आजीचा आडकित्ता टिपला, त्याचा कट्ट आवाज झांजेच्या जागी बसवला. नारळ सोलायची पहार, रहाटाची कुरकुर, एसटीचा हॉर्न, समुद्राची गाज, काही सोडलं नाही. एका आजोबांचा खोकला दर चौथ्या मात्रेला येतो आणि चांगला समेवर पडतो, हे त्यांना सांगायची अजून कुणाची छाती झालेली नाही. मला तर या सगळ्या ॲपांत हेच एक गुहागरचं वाटतं. बाकीच्यांत आपण त्यांच्या वाद्यांतून निवडायचं, यात ऐकलेलं टिपायचं.

पण टिपता टिपता शिमग्यात एकानं शेजारच्या वाडीचा ढोल टिपला. आणि आपल्या वाडीच्या गाण्यात वाजवला!

बोंब झाली हो. ढोल खुंटीवर, कातडं शाबूत, दोरी जागच्या जागी, आणि चोरी झालेली. तक्रार तरी कुठे न्यायची? आपल्या ढोलाचा आवाज ज्याला अंधारात ओळखता येतो अशा माणसानं ते गाणं तीनदा ऐकलं आणि निकाल दिला, "आमचाच." बैठक बसली. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, डिलीट करतो." तर फिर्यादीच उसळले. डिलीट? देवाचा ढोल डिलीट? पुसायचा नाही, आणि वाजवायचाही नाही! मग काय करायचं यावर बरीच रात्र गेली. शेवटी ठरलं की पोरानं ढोलापुढे नारळ ठेवावा आणि गाण्याच्या सुरुवातीला वाडीचं नाव घ्यावं. त्यानं दोन्ही केलं. गाणं त्या नावासकट मुंबईपर्यंत फिरलं.

कालच तिसऱ्या वाडीचे दोघं त्या पोराच्या बापाला बाजारात गाठून विचारत होते, आमच्या ढोलात असं काय कमी आहे की तो कुणी चोरत नाही?