छतावर मिरवा, छताखाली भाजा

छतावर सौरपॅनेल बसवायचं म्हटलं की सरकार हात सैल सोडतं. २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि समोरच्या इमारतीतल्या माणसाला आपलं पर्यावरणप्रेम खिडकीतून दिसण्याची सोय फुकटात होते. त्याच छतावर उष्णता अडवणारा थर घालायचा म्हटला, तर कुठला अर्ज भरायचा हे महावितरणच्या खिडकीवर कुणी सांगणार नाही, कारण तसा अर्जच नाही. वीज तयार करण्याला आपल्याकडे अनुदान आहे, ती कमी लागावी म्हणून घर शहाणं करण्याला नाही. याला धोरण जेवढं जबाबदार, तेवढाच माझ्यासारख्यांचा मिरवण्याचा सोस. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन ‘या फरशीखाली थर आहे’ असं सांगण्यात कसली आलीय शान?

दिसण्याची आम्हाला किती हौस, हे फ्रीजवरच्या स्टार लेबलला विचारा. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६मध्ये ते आणलं, ते दुकानात दोन फ्रीज ताडून बघता यावेत म्हणून. फ्रीज घरी आला की लेबलचं काम संपलं. पण काढतो कोण? दाराला गंज चढतो, हँडल निखळतं, रबर सैल होऊन आतली थंडी ओट्यापर्यंत येते. लेबल मात्र शाबूत. पुसणारं ओलं फडकंसुद्धा त्याला वळसा घालून जातं. वास्तविक त्यावर वर्ष छापलेलं असतं आणि निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२मध्ये एसीचे निकष बदलले आणि कालचा फाइव्ह स्टार एसी आज फोर स्टार झाला. भिंतीवरचा मात्र पाचही तारे छातीवर लावून निवृत्त सुभेदारासारखा बसून आहे, आणि त्याची पदावनती त्याच्या कानावर घालण्याची माझी तरी छाती नाही. छतातल्या थरालाही असं एखादं चकचकीत लेबल, मुख्य दारावर पाटीच्या शेजारी लावण्याजोगं, मिळतं तर निम्म्या सोसायट्यांनी काम उरकून टाकलं असतं.

न दिसणाऱ्या बचतीचा हिशेब मात्र साधा आहे. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. १६० युनिटांचं बिल शंभरावर येतं, आणि वाचलेली युनिटं नेमकी महाग टप्प्यातली, जिथला दर पहिल्या शंभराच्या जवळजवळ दुप्पट असतो. सवलत दिली की लोक बदलतात, याचा पुरावाही घरात लटकतोय: २०१५च्या उजाला योजनेने एलईडी स्वस्त केला आणि कुणालाही उपदेश न करता घरोघरचे बल्ब बदलले.

यावर म्हणतील, घराला थर वगैरे थंड देशांचे चोचले. मॅसॅच्युसेट्समधल्या वीज-गॅस कंपन्या ‘मास सेव्ह’ योजनेत घरांच्या भिंती आणि पोटमाळे भरून देण्याचा पाऊण किंवा त्याहून जास्त खर्च उचलतात, तेही ग्राहकांच्याच बिलातल्या अधिभारातून. तिकडे बर्फ पडतो, इकडे काय? इकडे चंद्रपूर आणि अकोला आहे. पंचेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब रात्री बारालाही खोलीत ऊन सोडत असतो, आणि उष्णता अडवणाऱ्या थराला ती आतून बाहेर चालली आहे की बाहेरून आत, याच्याशी कर्तव्य नसतं. केंद्राच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादाही घातली आहे, उघडा स्लॅब तिच्या दुपटीहून जास्त आत घेतो. दुसरा आक्षेप सौरवाल्यांचा: बिल शून्य झालं, आता काटकसर कशाला? मीटरवर हिशेब शून्य होतो हे खरं. पण एसी रात्री दहाला लागतो, तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं आणि जळतो तो औष्णिक केंद्रातला कोळसा.

इथे मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो. सौर अनुदानाला स्वतःचं छप्पर लागतं. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आहे, पण त्याच्या नावावर नाही. एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याखाली पंखा चालू केला की तो गरम वाराच फेकतो. तान्ह्या मुलाला ओल्या फडक्यात गुंडाळून बाया दारात बसतात. त्या पत्र्याला पांढरा परावर्तक रंग लावायचा खर्च माझ्या ७८ हजारांपुढे किरकोळ आहे. माझ्या शोभेला पैसे आहेत आणि त्या बायांच्या सावलीला नाहीत, हे हिशेबात बसत नाही.

वीज कंपन्यांनी ग्राहकांची विजेची मागणी कमी करावी, यासाठीचे ‘मागणी व्यवस्थापना’चे नियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१०मध्येच केले. मुंबईत वीज कंपन्यांनी सवलतीत कमी वीज खाणारे पंखे आणि एसी दिलेही आहेत. त्याच यादीत छत घालायचं आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जनसुनावणी घेतो आणि लेखी सूचना कुणालाही देता येते. पुढच्या वेळी दरवाढीला शिव्या घालून झाल्या की त्याच कागदावर खाली एक ओळ लिहा: छताच्या थराला आणि पत्र्याच्या रंगाला सवलत द्या, भाडेकरूंना आधी.