मशीनलाही स्थळ मिळेना

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाची वधू-वर सूचक वेबसाइट मी सांभाळतो. 2019च्या दिवाळीपर्यंत ती उत्तम चालत होती, कारण तोवर मी तिला हात लावला नव्हता. सर्व्हरवर सेंटओएस 7 नावाचं लिनक्स होतं. सप्टेंबरात सेंटओएस 8 आलं आणि फ्रीगंजात पोहे-जलेबी खाता खाता मी अध्यक्षांना शब्द दिला, "नवं टाकू. 2029पर्यंत बघायला नको." अध्यक्षांना त्यातलं 'बघायला नको' तेवढं आवडलं.

नवं टाकलं. वेबसाइट उघडली, पण नवे फोटो काही चढेनात. उपवर मंडळींचे पाच-पाच एमबीचे फोटो लहान करायचं काम इमेजमॅजिक नावाचा प्रोग्राम करायचा. 7मध्ये तो घरचाच होता. 8मधून त्याला वगळलं होतं. मी तो बसवायची आज्ञा दिली. उत्तर आलं : 'अनेबल टू फाइंड अ मॅच.'

शेजारी स्थळांची वही घेऊन बसलेल्या काकूंनी चष्मा वर केला. "मशीनलाही स्थळ मिळेना होय रे?"

अशा वेळी एपेलकडे जायचं असतं. कंपन्यांसाठीच्या लिनक्समध्ये जे मिळत नाही, ते फेडोरा प्रकल्पातले स्वयंसेवक या कोठारात भरून ठेवतात, फुकट. माझी समजूत अशी, की 7च्या कोठारातला माल 8च्या कोठारात आपोआप जातो. जात नाही. प्रत्येक पॅकेजला कुणीतरी पालक लागतो आणि 'नव्या आवृत्तीसाठीही मी सांभाळतो' असं त्याने म्हणावं लागतं. शिवाय त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं आधी यावी लागतात. थोरलीचं जमल्याशिवाय धाकटीचं बघायचं नाही, तसंच.

इमेजमॅजिक त्या कोठारातही नव्हतं. मी खरमरीत मागणी लिहिली. 'असंख्य लोकांची गैरसोय' वगैरे. नम्र उत्तर आलं : एवढी निकड आहे, तर सांभाळायला आमच्याबरोबर याल का?

मी लॅपटॉप मिटला. हा प्रश्न ओळखीचा होता. मंडळाच्या वार्षिक सभेत, गणेशोत्सवाच्या आमटीत मीठ कमी होतं, असं मी तावातावाने बोललो होतो. सचिवांनी शांतपणे विचारलं, "पुढच्या वर्षी जेवणाचं तुम्ही बघता का?" तेव्हाही मी असाच चपला शोधायला उठलो होतो.

मधले काही महिने काकूंनी निभावून नेले. फोटो त्या आधी यजमानांना व्हॉट्सअॅपवर पाठवत. तिथे तो आपोआप लहान होई. मग तो वेबसाइटवर चढवत. यजमानांच्या फोनमध्ये उज्जैनच्या सगळ्या उपवर मुली साठल्या, पण काम अडलं नाही.

शेवटी कुणा भल्या माणसाने पॅकेज एपेलमध्ये आणलं. मी एपेल जोडलं, पॉवरटूल्स नावाचं मुळात बंद असणारं दुसरं कोठार उघडलं आणि आज्ञा दिली. मॅच नाही. तीनदा दिली. तीनदा नाही. स्वयंसेवकांच्या नावाने मी बोटं मोडत असताना काकू पडद्याकडे वाकल्या. "अरे, मध्ये काही लिहिलंय बघ. 'मेबी यू मेंट'..."

मी सगळं नाव लहान अक्षरांत लिहीत होतो. त्यातला आय आणि एम मोठे हवे होते.

"इतकी वर्षं फॉर्म तपासतेय," काकू म्हणाल्या, "नाव चुकीचं लिहायचं आणि स्थळ येत नाही म्हणून रडायचं."

डिसेंबर 2020मध्ये जाहीर झालं, की सेंटओएस 8चा आधार 2029पर्यंत नाही, 31 डिसेंबर 2021लाच संपणार. मी म्हातारं म्हणून काढून टाकलेल्या 7ची मुदत मात्र 30 जून 2024! ज्या गावातली वेधशाळा ग्रहांची वर्षभराची स्थिती आगाऊ छापते, त्या गावात मला माझ्या सर्व्हरचं भविष्य कळलं नाही.

काकूंना हे सांगितलं. वहीतून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "वय बघून हो म्हणालास. प्रकृतीची चौकशी केली होतीस का?"